मिरजोळ्याच्या जांभ्यातली सोयरीक

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. रत्नागिरीच्या एस.टी. स्थानकावरून मिरजोळ्याची गाडी पकडली तेव्हा लख्ख ऊन होते. शहराबाहेर पडेपर्यंत सर आली, औद्योगिक वसाहतीच्या पत्र्याच्या शेड दिसू लागल्या तोवर ती ओसरलीही. श्रावणात कोकणात प्रवास करायचा तर छत्री मिटण्याच्या भानगडीत पडू नये, हेच खरे.

मिरजोळे तसे रत्नागिरीच्या उशाशी. गावाचे एक अंग कारखान्यांकडे आणि दुसरे शेतीकडे. विमानतळाचा मोठा सडाही याच बाजूला. वरती काळाभोर कातळ, पावसाने त्याच्यावर हिरवे गवत आणि इवली इवली फुले आलेली. उताराला हापूसची आणि काजूची झाडे. आणि खाली पऱ्याच्या कडेला भाताचे कुणगे. लावणी आटोपून महिना झालेला, त्यामुळे भात मुळे धरून उभे होते. पाळी सुटल्याचा भोंगा एका बाजूने वाजतो आणि दुसऱ्या बाजूने गुरांच्या गळ्यातली घंटा ऐकू येते, असे हे गाव.

माझ्या मावशीचे घर इथे आहे. पाखाडी उतरून गेले की जांभ्याच्या चिऱ्यांचे घर, पुढे पडवी, अंगणात तुळस आणि चारी बाजूंनी गडगा. या घराचे चिरे बाहेरून आणलेले नाहीत. मावशीच्या सासऱ्यांनी आपल्याच सड्यावर खाण खणून ते काढले होते. कोकणात तशी जुनी रीतच आहे. चिरा खाणीतून निघतो तेव्हा तुलनेने मऊ असतो, आणि हवा लागली की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज अंमलदाराने १८०७ साली मलबारातल्या असल्याच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. विटेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले. आपला जांभा तोच.

घर उभे राहिले, पण खाणीची जागा तशीच राहिली. साधारण अर्धा एकराचा तो तुकडा. वरची माती चिरे काढताना केव्हाच उपसून टाकलेली, खाली लालसर मुरूम आणि दगडाचा चुरा. मावशीच्या मुलाने, म्हणजे माझ्या दादाने, तिथे काजू लावायचे मनावर घेतले होते. दादा औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला जातो. सुटीच्या दिवशी खड्डे मारून त्याने वीस कलमे लावली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची प्रसिद्ध जात, वेंगुर्ला-७. पहिल्या उन्हाळ्यातच सगळी गेली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वीस लावली. त्यातली सहा शिल्लक होती, तीही वीतभर वाढून तिथेच थांबलेली.

‘‘दोन वेळा झालं बाबा,’’ मावशी चहा ठेवता ठेवता म्हणाली. ‘‘आता हा म्हणतो, जागा प्लॉटवाल्याला देऊन टाकू. रोज कुणी ना कुणी विचारायला येतो.’’

दादा काही बोलला नाही. पण त्याच्या गप्प बसण्यावरून कळत होते की विचार पक्का होत चालला आहे. विकलेली जमीन कोकणात परत हाती येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. पण पडीक तुकड्यासाठी तो आणखी किती सुट्या घालवणार?

दोन झाडे, वीस पावलांचे अंतर

जेवणाआधी आम्ही सड्यावर गेलो. खाणीच्या कडेला गडग्यापाशी एक काजू होता. तो कुणी लावलेला नव्हता. बी पडून आपोआप उगवलेला. भोवती करवंदीची जाळी, कुडा, दिंडा, गवत आणि कुजलेला पातेरा. झाड पुरुषभर उंच आणि पाने तुकतुकीत. त्याच्यापासून वीस पावलांवर खाणीच्या तळात दादाचे जातिवंत कलम, आणि ते कसे? पाने बारीक, गडद, थोडी जांभळट झाक असलेली, जणू वर्षभराचे उपाशी पोर.

‘‘खत घातलंस?’’ मी विचारले.

‘‘शेणखत घातलं, सुपर फॉस्फेट घातलं. पहिली कलमं मेली तेव्हा वाटलं मूळकूज आहे, म्हणून दुसऱ्या वेळी बुरशीचं औषधही ओतलं खड्ड्यात. गवताचं एक पातं ठेवलं नाही. मारून टाकलं सगळं तणनाशकानं. आणखी काय करायचं माणसानं?’’

दादाने कष्टात कसूर केली नव्हती. उलट जे जे पुस्तकी वाटले ते सर्व केले होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझ्या मनात एक शंका आली. मी दोन्ही झाडांची केसासारखी बारीक मुळे, थोड्या मातीसकट, वेगवेगळ्या पिशव्यांत घेतली. मावशी म्हणाली, ‘‘मुळं कशाला उकरतोस? वरचं बघ की!’’ मी म्हटले, ‘‘मावशी, दुखणं वर दिसतं, पण कारण बहुतेक खाली आहे.’’

परत येताना वारुळाजवळ शेजारच्या मुलांनी अळंबी काढलेली दिसली. पांढरीशुभ्र, लांब देठाची, छत्र्या मिटलेली. श्रावणात ही अळंबी ज्याच्या घरी येतात त्याच्या घरी सणच. मावशीने ओले खोबरे आणि मिरी घालून त्यांची भाजी केली, आणि त्या भाजीवरूनच मला बोलायला सुरुवात मिळाली.

बुरशी शत्रू की सोयरी?

बुरशी म्हटले की आपल्याला करपा, भुरी, मूळकूज आठवते. भाकरीवर येते ती आठवते. पण आपण ताटात वाढून घेतलेले अळंबेही बुरशीचेच फळ. वारुळावरची ही अळंबी उगवतात ती वाळवीच्या जिवावर. वाळवी जमिनीखाली पालापाचोळा चावून त्याचे वाफे करते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी तो कठीण पाला मऊ करते, वाळवी तो खाते. दोघांचे चालते. वाळवी आणि अळंबी यांची ही सोयरीक कोटी वर्षांची आहे.

तशीच दुसरी एक सोयरीक झाडांची आहे. फार बारीक बुरशी मुळांच्या आत शिरते, पण रोग करीत नाही. मुळात तिचे एक टोक आणि बाहेर मातीत तिचे असंख्य धागे. आतले टोक झाडाकडून साखर घेते, बाहेरचे धागे मातीतून अन्न आणि पाणी गोळा करून झाडाला देतात. शास्त्रज्ञ हिला ‘मायकोरायझा’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे बुरशी आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ. आपण मूळबुरशी म्हणू.

हे नाव दिले ते जर्मनीतल्या फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८८५ साली. प्रशियाच्या सरकारला आपल्याकडे ट्रफल नावाची महागडी जमिनीखालची अळंबी पिकवायची होती, म्हणून त्याला कामाला लावले होते. ट्रफल बाजूला राहिले, पण रानातल्या झाडांच्या मुळांना बुरशीचे आवरण असते आणि ते झाडाला पोसते, हे त्याच्या ध्यानात आले. रत्नागिरीकरांना हे साल लक्षात ठेवणे सोपे आहे. त्याच १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. राजा इथे कैदेत आला ते सर्वांना ठाऊक आहे. झाडांच्या मुळांचा हा कारभार त्याच सुमारास उजेडात आला, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

फ्रँकने पाहिली ती बुरशी मुळांवर बाहेरून म्यानासारखी बसते. पाइन, ओक, निलगिरी यांच्यावर ती असते. आपल्या शेतातली बुरशी वेगळी. ती मुळाच्या पेशीत शिरून तिथे बारीक फांद्यांच्या झुडपासारखी रचना करते. नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही. आंबा, काजू, माड, पोफळ, फणस, मिरी, नाचणी, वरी, तूर, कुळीथ, चवळी, मिरची, कांदा अशा बहुतेक सर्व पिकांत ती असते. जमिनीवरच्या वनस्पतींपैकी सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के जातींशी तिचे नाते आहे. कोबी, मुळा, मोहरी यांचे कूळ आणि पालक, माठ यांच्यासारख्या भाज्या मात्र तिला सहसा घरात घेत नाहीत.

ही ओळख आजकालची नव्हे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या दगडात सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. त्यांना खरी मुळेही नव्हती, पण त्यांच्या खोडांत हीच बुरशी, तिच्या त्याच झुडपासारख्या रचनेसह सापडली. म्हणजे झाडांना मुळे फुटण्याआधीपासूनचा हा शेजार.

जांभ्याच्या जमिनीत तिचे काम काय?

इथे जरा जमिनीचे बोलले पाहिजे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हजारो वर्षे असा पाऊस पडून चुना, पालाश यांसारखे द्रव्य धुऊन गेले आणि मागे लोह व अॅल्युमिनियम राहिले. म्हणून आपली माती तांबडी आणि आम्लधर्मी. या लोह-अॅल्युमिनियमची एक खोड आहे. स्फुरद घातला की ते त्याला धरून बसतात. पोत्याने सुपर फॉस्फेट ओतले तरी त्यातला बराच भाग मातीत अडकतो आणि झाडाच्या तोंडी थोडाच लागतो. ज्याच्या घरात धान्याचे कोठार आहे पण कुलपाची किल्ली हरवली आहे, तशी ही गत.

दुसरी अडचण अशी की स्फुरद मातीत फारसा चालत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतो, पण स्फुरद जागचा हलत नाही. मूळ आपल्या भोवतालचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद खाऊन संपवते आणि मग उपाशी बसते. दादाच्या कलमाची जांभळट पाने तेच सांगत होती.

इथे मूळबुरशीचे धागे उपयोगी पडतात. ते मुळावरच्या केसांपेक्षाही कितीतरी बारीक असतात. मूळ जिथे शिरू शकत नाही अशा फटींत ते शिरतात आणि मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद आणतात. जस्त आणि तांबे हीही आणतात. ओल कमी असताना झाड तग धरते, त्यातही त्यांचा वाटा असतो. शिवाय हे धागे मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, त्यामुळे उतारावरची माती पावसात सहज सुटत नाही.

फुकट मात्र काही नाही. झाड पानांत जी साखर तयार करते तिचा चार ते वीस टक्के भाग या बुरशीला जातो. साखरेबरोबर झाड तिला स्निग्ध पदार्थही पुरवते, हे २०१७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ही बुरशी स्वतः चरबी तयार करू शकत नाही आणि जिवंत मुळाशिवाय तिला जगताही येत नाही. वाटा घेऊन खपणाऱ्या अर्धेलीच्या कुळासारखी ती आहे. म्हणूनच झाडाला भरपूर स्फुरद आयता मिळाला, तर झाड तिला वाटा देणे कमी करते आणि तिचा वावर घटतो.

आता दादाच्या खाणीचा हिशेब मांडू या. वरची माती गेली तेव्हाच तिच्यातली बुरशी आणि तिचे बीजकण गेले. मागे राहिलेल्या मुरमात वर्षानुवर्षे फारसे काही उगवले नाही. दादाने होते तेवढे गवत तणनाशकाने मारले, म्हणजे बुरशीचा आसराही गेला. खड्ड्यात बुरशीनाशक ओतले. कार्बेन्डाझिमच्या गटातली औषधे शत्रू-मित्र असा भेद पाहत नाहीत. गडग्याजवळच्या काजूला मात्र जन्मापासून करवंदी, कुडा आणि गवत यांच्या मुळांचा शेजार मिळाला. ही बुरशी जातपात फारशी पाहत नाही. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला. पण इथल्या मातीतल्या बुरशीने त्याला परका मानले नाही.

दौतीच्या शाईची साक्ष

बोलणे ठीक, पण पुरावा हवा. शाळेत परतल्यावर मी ती मुळे धुऊन पोटॅशच्या द्रावात उकळली. ते द्रव्य कातडी जाळते, तेव्हा हा प्रयोग घरी मुलांच्या हाती देऊ नये. काजूची मुळे काळपट, त्यामुळे रंग उतरायला बराच वेळ लागला. मग ती व्हिनेगारमध्ये मिसळलेल्या दौतीच्या शाईत ठेवली. शाई आणि व्हिनेगारची ही स्वस्त युक्ती १९९८ साली प्रसिद्ध झाली, आणि आमच्यासारख्या शाळांना ती फार सोयीची आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली गडग्याजवळच्या काजूचे मूळ ठेवले. मुळाच्या आत निळे धागे उभे-आडवे धावत होते, मधेमधे गोल फुगे आणि काही पेशींत इवली निळी झुडपे. वर्गातली मुले एकावर एक रेलली. खाणीतल्या कलमाच्या मुळात तासभर शोधून एखाद-दुसरा धागा दिसला. दोन झाडांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी मुलांना सांगितले. पण वैद्याने नाडी पाहून जसा अंदाज बांधावा, तसा अंदाज बांधायला एवढे पुरे होते.

असे आधी कुठे घडले आहे का? घडले आहे. अमेरिकेत संत्र्या-लिंबाच्या रोपवाटिकांत माती औषधाच्या धुरीने निर्जंतुक करीत. रोग गेले, पण रोपे खुरटू लागली. भरपूर खत दिले तरी पाने स्फुरदाच्या उपासाची. क्लाइनश्मिट आणि गर्डमन या शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवले की धुरीने मूळबुरशी मेली होती. ती परत घातल्यावर रोपे सुधारली. दादाच्या खड्ड्याची ही थोरली बहीणच म्हणायची.

जवळचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. तिच्या उपसलेल्या ढिगाऱ्यांवर गवतही धरत नव्हते. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेतल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे साखर कारखान्याची मळी, नत्र बांधणारे जिवाणू आणि मूळबुरशी यांचा एकत्र वापर करून झाडे उभी केली. यातली मळी विसरू नये. नुसती बुरशी टाकून ढिगाऱ्याचे रान होत नाही. गोव्यातही लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर आपोआप आलेल्या झाडाझुडपांची मुळे गोवा विद्यापीठातल्या डॉ. बर्नार्ड रॉड्रिग्ज यांनी तपासली आणि त्यांत ही बुरशी मिळाली. निसर्ग आपण होऊन हेच करतो. वारा, पाणी, मुंग्या, गांडुळे बीजकण आणून टाकतात. फक्त त्याला वेळ लागतो, आणि दादाकडे वेळ नव्हता.

पाकीट घ्यावे की माती?

गणपतीला पुन्हा मिरजोळ्याला गेलो आणि आरती झाल्यावर पडवीत बसून हे सारे सांगितले. दादा म्हणाला, ‘‘मग दुकानात मायकोरायझाची पाकिटं मिळतात, तीच आणू.’’

पाकिटे वाईट नसतात. मायकोरायझा हे आता खत नियंत्रण आदेशाखाली येणारे जैविक खत आहे. घेताना पिशवीवर जिवंत बीजकणांचे प्रमाण, तयार केल्याची तारीख, मुदत आणि परवाना क्रमांक पाहावा. उन्हात तापत पडलेले पाकीट घेऊ नये. पण आपल्या गडग्यापाशी जी बुरशी याच मातीत, याच पावसात वाढते आहे, ती आयती असताना आधी तिलाच का विचारू नये?

‘‘अरे, विरजणासारखंच झालं की हे!’’ मावशी म्हणाली. ‘‘शेजारणीकडचं चमचाभर दही आणलं की भांडंभर होतं.’’

इतक्या सोप्या शब्दांत मला सांगता आले नसते. मग आम्ही विरजण लावायचे ठरवले. गडग्याजवळच्या निरोगी काजूच्या, करवंदीच्या आणि गवताच्या मुळांतली वीतभर खोलीची माती, बारीक मुळांसकट, दोन घमेली घेतली. तिच्यात तेवढीच वाळू आणि साधी माती मिसळून जुन्या प्लॅस्टिकच्या कुंड्या भरल्या आणि त्यांत मका आणि नाचणी पेरली. या पिकांची मुळे दाट, त्यांच्यावर बुरशी चांगली वाढते. स्फुरदाचे खत मुद्दाम घातले नाही. तीन महिने पाणी दिले, मग दहा-बारा दिवस तोडले. पाणी तुटले की बुरशी पुढच्या दिवसांची तजवीज म्हणून बीजकण करते. मग वरची ताटे कापून गुरांना घातली, मुळे बारीक चिरून त्याच मातीत मिसळली आणि सावलीत सुकवून गोणपाटात भरून पडवीत ठेवली.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी खाणीच्या तळात कुळीथही विस्कटला होता. तो नीटसा पिकला नाही, पण जमीन उघडी राहिली नाही. मुरमात जिवंत मुळे गेली, एवढे त्याचे काम.

पुढच्या जूनमध्ये दादाने तिसऱ्यांदा खड्डे भरले. या वेळी नुसता मुरूम परत लोटला नाही. खालच्या कुणग्याच्या बांधावरची माती आणि चांगले कुजलेले शेणखत आणून घातले. सुपर फॉस्फेटऐवजी थोडे रॉक फॉस्फेट. आम्लधर्मी जमिनीत ते हळूहळू विरघळते. कलमाची पिशवी फाडून मुळांचा गड्डा बसवताना त्याच्या अंगाला लागेल असे दोन-तीन ओंजळी विरजण. बुरशी मुळाला भिडली पाहिजे, वर भुरभुरून उपयोग नाही. भोवती चवळी पेरली, पावसानंतर पातेऱ्याचे जाड आच्छादन केले आणि उन्हाळ्यात मडक्याने पाणी दिले. चोवीस कलमांपैकी चारांना बाकी सर्व तेच केले, फक्त विरजण घातले नाही. ही चारांची कल्पना मावशीची. ‘‘सगळ्यांना घातलंस तर कळणार कसं?’’ असे तिने विचारले, आणि विज्ञानशिक्षक गप्प झाला.

जपून करण्याच्या गोष्टी

वाचकांपैकी कुणाला हे करून पाहायचे असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माती घ्यायची ती निरोगी झाडाखालचीच. जिथे मूळकूज आहे, मर आहे, तिथली माती म्हणजे रोगाला बोलावणे. देवराईची किंवा दुसऱ्याच्या रानातली माती उकरू नये. जिथे आधीच जुनी आमराई आहे, गवत-झुडूप आहे, तिथे ही बुरशी बहुधा असतेच. तिथे विकतचे पाकीट घालून फारसा फरक दिसणार नाही, तो खर्च वाचवावा.

पाण्यात उभ्या असलेल्या भाताच्या कुणग्यातही तिचे काम कमी, कारण तिला हवा लागते. वरकस जमिनीतली नाचणी, वरी, कडधान्ये यांना ती अधिक कामाची. बुरशीनाशक रोगाची खात्री झाल्यावरच आणि सांगितलेल्या मात्रेतच वापरावे. पातेरा जाळण्यापेक्षा आळ्यात घालावा. पावसाळ्यात जमीन नागडी ठेवू नये. आणि ही बुरशी नत्र बांधत नाही, ते काम कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंचे. मातीत मुळात जे नाही ते तीही कुठून आणणार? माती परीक्षणाला ती पर्याय नव्हे.

यंदाचा श्रावण

यंदाच्या श्रावणात पुन्हा मिरजोळ्याला गेलो. पाखाडी उतरण्याआधीच मावशीने सड्याकडे नेले. वीसपैकी सतरा कलमे उभी होती. एक पूर्ण उन्हाळा काढून नवी तांबूस पालवी आलेली, काही माझ्या कमरेला लागलेली. विरजण न घातलेल्या चारांपैकी दोन जिवंत, उंचीने निम्मी.

दादा म्हणाला, ‘‘सगळं त्या बुरशीनं केलं म्हणायचं का?’’

मी म्हटले, ‘‘नाही रे. माती घातलीस, पातेरा घातलास, मडक्यानं पाणी दिलंस. तेही झाडांनी लक्षात ठेवलंय. आणि चार झाडांवरून काय ठरवणार?’’

‘‘ठरवायचं ते मी ठरवलंय,’’ तो म्हणाला. त्या विरजण नसलेल्या दोघांजवळ तो वाकला, आळे उकरले आणि शेजारच्या कलमाखालची मूठभर माती मुळांसकट काढून तिथे दाबली. ‘‘आता यांनी तरी उपाशी का राहावं?’’

जागेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला, दादा पाळीला निघाला. जाताना अंगणातून ओरडून म्हणाला, ‘‘आई, गडग्याजवळच्या त्या काजूला कुणाला हात लावू देऊ नकोस हां!’’

मावशी हसली. ज्या झाडाकडे इतकी वर्षे कुणाचे लक्षही नव्हते, ते आता घरातल्या वडीलधाऱ्यासारखे झाले आहे. आपल्या बांधावर, गडग्याशी, रानाच्या कडेला असे एखादे झाड बहुधा असतेच. नवे काही लावण्यापूर्वी एकदा त्याच्या पायाशी बसून माती हातात घेऊन पाहावी.